चार्ल्स वेस्ली: चळवळ थोरल्याची, गाणी धाकट्याची

कौलारू

मेथडिस्ट, म्हणजे अठराव्या शतकात चर्च ऑफ इंग्लंडच्या आतच उठलेली ख्रिस्ती चळवळ, म्हटलं की जॉन वेस्ली. घोड्यावरून इंग्लंड पालथं घालणारा, माळरानावर हजारोंपुढे उभा राहून बोलणारा, बारीकसारीक नियम घालून संघटना बांधणारा. त्याच्याहून साडेचार वर्षांनी लहान चार्ल्स बहुतेक पुस्तकांत ‘आणि त्याचा कवी भाऊ’ एवढ्यावर आटोपतो. मला हे पटत नाही. जॉनची प्रवचनं आज अभ्यासक सोडून कोण वाचतं? चार्ल्सची गीतं मात्र रविवारच्या उपासनेत अजून गायली जातात. नाताळात तर ज्यांचा चर्चशी काडीचा संबंध नाही त्यांच्याही कानावर पडतात. ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ त्याचंच.

ज्यांना माणूस ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. जन्म १८ डिसेंबर १७०७, लिंकनशायरमधल्या एपवर्थ गावी. वडील सॅम्युएल तिथले पाळक, आई सुझॅना. घरात पोरांचं लेंढार, त्यातलं हे शेवटून दुसरं-तिसरं. दिवस भरायच्या आधी झालेलं, म्हणून कित्येक आठवडे लोकरीत गुंडाळून ठेवलं होतं, आणि तोवर ते ना रडलं ना डोळे उघडले असं सांगतात. १७०९ मध्ये घराला आग लागली तेव्हा तान्ह्या चार्ल्सला दाईने बाहेर आणलं. पुढे वेस्टमिन्स्टरची शाळा, १७२६ साली ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च कॉलेज. तिथे त्याने दोन-चार मित्र जमवले. ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या दिवशी उपास, तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटणं. बाकीची पोरं चिडवायला लागली, ‘मेथडिस्ट’. जॉन तेव्हा ऑक्सफर्डबाहेर वडिलांच्या हाताखाली काम करत होता. तो परतला आणि सूत्रं त्याच्याकडे गेली.

मग अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीची फसलेली मोहीम. २१ मे १७३८ रोजी लंडनच्या लिटल ब्रिटन भागात, जॉन ब्रे नावाच्या पितळकाम करणाऱ्याच्या घरी आजारी पडलेला असताना आलेला तो आतून पालटून टाकणारा धर्मानुभव. (जॉनला तसा अनुभव आला तीन दिवसांनी. गाजला तो जॉनचा.) आणि त्यानंतर पन्नास वर्षं गीतं. मोजणारे साधारण साडेसहा हजार सांगतात, सगळं पद्य धरलं तर नऊ हजारांच्या घरात.

प्रश्न साधा आहे. ही गाणी नसती तर चळवळ उभी राहिली असती का? आणि नसती, तर चार्ल्सला दुय्यम का ठेवतात?

तर्कट

साडेसहा हजार भागिले पन्नास वर्षं. म्हणजे दर तीन दिवसांना एक गीत, आजारपण-प्रवास-लग्न-मुंज धरून. याला प्रतिभा म्हणायचं की उत्पादन? त्यातली आज किती गातात? पन्नास? शंभर? मग उरलेल्यांचं काय करायचं?

डॉ_खवचट

मुंज नसते हो त्यांच्यात.

बाकी आकडेमोड बरोबर. आमच्याकडे तीन दिवसांत तुमचे प्रतिसाद त्याहून जास्त होतात आणि त्यातला एकही कुणी गात नाही.

गल्लीबोळ

मी ब्रिस्टलला असते, म्हणून राहवलं नाही. इथे भर बाजारपेठेत न्यू रूम नावाची इमारत आहे, १७३९ सालची, मेथडिस्टांचं सगळ्यांत जुनं प्रार्थनास्थळ. चहूबाजूंनी दुकानं, मधे हे. एका बाजूच्या अंगणात जॉनचा घोड्यावरचा पुतळा, दुसऱ्या बाजूच्या अंगणात चार्ल्सचा उभा पुतळा. खरेदीला आलेली माणसं जॉनच्या बाजूने आत येतात, फोटो काढतात आणि त्याच बाजूने परत जातात. धागाकर्त्यांचा मुद्दा इथे दगडधातूत पाहायला मिळतो.

आत गेल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरते. खालच्या मजल्याला रस्त्याकडे खिडक्या जवळपास नाहीत, उजेड वरून येतो. त्या काळी या लोकांवर जमाव चालून यायचे, दगड पडायचे, त्यामुळे हे शहाणपणाचंच. वरच्या मजल्यावर फिरत्या प्रवचनकारांच्या खोल्या.

चार्ल्स लग्नानंतर वीसेक वर्षं इथेच राहिला. त्याचं घर अजून आहे, बस स्थानकाच्या मागच्या अंगाला. अरुंद, सरळसोट, सांगितलं नाही तर कुणी ढुंकून पाहणार नाही. आठ मुलं झाली, तीन जगली.

आणि कौलारू, घोड्याचं म्हणाल तर चार्ल्ससुद्धा १७५६ पर्यंत घोड्यावरच होता. कॉर्नवॉल, न्यूकॅसल, आयर्लंड. १७४३ मध्ये सेंट आइव्ह्जला जमावाने त्याची सभा उधळली, १७४७ मध्ये डेव्हायझेसला तर तो ज्या घरात होता त्यालाच वेढा पडला. नुसता खोलीत बसून यमकं जुळवणारा कवी नव्हता तो.

बखरकार

धागा पाहून हात शिवशिवले. या माणसाचा आपल्या मातीशी एक चक्रावणारा संबंध आहे आणि तो कुणाला सुचणार नाही.

चार्ल्स शाळेत असताना आयर्लंडमधल्या एका श्रीमंत जमीनदाराचं पत्र त्याच्या वडिलांना आलं. नाव गॅरेट वेस्ली, मीथ परगण्यातल्या डँगनचा. पोटी मूल नाही. विचारणा अशी की तुमचा चार्ल्स नावाचा मुलगा आहे ना, त्याला दत्तक देता का? काही वर्षं त्याच्या शिक्षणासाठी पैसेही येत राहिले. वडिलांनी निर्णय पोरावर सोडला आणि पोराने नकार दिला. मग गॅरेटने आपली इस्टेट रिचर्ड कॉली नावाच्या नातेवाइकाला दिली, अट एवढीच की वेस्ली आडनाव लाव. कॉलीने १७२८ मध्ये लावलं.

या रिचर्ड कॉलीचा नातू म्हणजे आर्थर. १७९८ पर्यंत तो सहीसुद्धा ‘आर्थर वेस्ली’ अशी करायचा, नंतर घराण्याने जुनं वळण घेऊन ‘वेलस्ली’ केलं. होय, तोच. ऑगस्ट १८०३ मध्ये नगरचा किल्ला घेणारा, २३ सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी भिडणारा, मग अडगाव, मग गाविलगड. पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याचा थोरला भाऊ रिचर्ड तेव्हा कलकत्त्यात गव्हर्नर जनरल, ज्याच्या काळात दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला.

आता बसा विचार करत. ऑक्सफर्डला जायच्या वयाच्या एका पोराने आयर्लंडची जहागीर नाकारली नसती तर?

डॉ_खवचट

तर चार्ल्सच्या नातवाने असईला तोफांसमोर गीतं म्हटली असती आणि शिंद्यांची फौज कंटाळून परत गेली असती.

तर्कट

बखरकार, कहाणी झकास. पण ‘नसती तर’ छाप इतिहासाला अर्थ नसतो. कॉलीच्या जागी दुसरा कुणी आला असता, कंपनीच्या पलटणी काही त्या इस्टेटीवर पोसलेल्या नव्हत्या.

बखरकार

पलटणी कंपनीच्या, मान्य. पण त्या काळी ब्रिटिश लष्करात अधिकाराची जागा पैसे मोजून विकत घेता यायची. ते पैसे आणि ती ओळखपाळख घराण्यामुळे. आर्थर काही रणांगणावरूनच कर्नल झाला नव्हता.

अजून एक गंमत ऐका. आर्थरचा बाप, लॉर्ड मॉर्निंग्टन, हा चांगला संगीतकार होता. चार्ल्स लंडनला राहायला आल्यावर हा त्याच्या घरी मुलांचं वाजवणं ऐकायला येत-जात असे. म्हणजे ज्याने जहागीर नाकारली त्याच्या बैठकीत, ज्याला ती मिळाली त्याचा मुलगा बसून गाणं ऐकतोय. दोघांनाही काही खटकलं नसावं.

सुरपेटी

मुलांचा विषय निघालाच आहे तर. थोरला चार्ल्स (१७५७) आणि धाकटा सॅम्युएल (१७६६), दोन्ही पोरं संगीतात असामान्य. सॅम्युएलने आठव्या वर्षी ऑरेटोरिओ (धार्मिक कथेवरची मोठी गायनरचना) लिहून काढला होता. १७७९ पासून काही वर्षं मॅरिलबोनच्या राहत्या घरी वर्गणीदार श्रोत्यांसाठी मैफली होत. मेथडिस्ट मंडळींत यावरून नाकं मुरडली गेली, की इकडे साधेपणाचा उपदेश आणि तिकडे घरी उमरावांच्या मैफली. इंग्लंडात बाखचं संगीत रुजवणाऱ्यांत या सॅम्युएलचं नाव वरचं आहे.

पण मला मुळात चालींबद्दल बोलायचंय. हे लोक गीत लिहीत, चाल ठरलेली नसे. छंद जुळला की कुठलीही चाल लावा. ‘हार्क! द हेरल्ड’ १७३९ मध्ये छापलं गेलं तेव्हा त्याची पहिली ओळ निराळीच होती. १७५३ मध्ये जॉर्ज व्हाइटफील्ड या त्यांच्याच जुन्या सहकाऱ्याने ती बदलून आज आहे तशी केली. आज जी चाल आपण ऐकतो ती मेंडेल्सोनची, १८४० ची, आणि ती लिहिली होती लाइपझिगमध्ये मुद्रणकलेच्या चारशे वर्षांच्या सोहळ्यासाठी, गुटेनबर्गच्या गौरवात. धार्मिक शब्दांना ही चाल शोभणार नाही असं खुद्द मेंडेल्सोनचं मत. १८५५ मध्ये विल्यम कमिंग्ज नावाच्या गायक-वादकाने त्या चालीवर हे शब्द बसवले. कवी गेल्याला तोवर सदुसष्ट वर्षं झाली होती. एका गाण्यात चार माणसांचा हात, आणि चौघं एका खोलीत कधीच नव्हते.

हँडलनेसुद्धा चार्ल्सच्या तीन गीतांना चाली दिल्या होत्या. त्या हस्तलिखितात पडून राहिल्या आणि १८२६ मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात त्या सापडल्या कुणाला? याच सॅम्युएलला.

मधुमालती

वा! दंडवत घ्या सुरपेटी.

ओळी बदलण्यावरून आठवलं. १७८० मध्ये जॉनने मेथडिस्टांसाठी ५२५ गीतांचं मोठं पुस्तक काढलं, बहुतांश चार्ल्सचीच गीतं. प्रस्तावनेत फटकारलंय की लोक आमची गीतं छापतात याबद्दल तक्रार नाही, पण कृपा करून त्यांत सुधारणा करू नका, ते तुम्हाला जमणारं नाही. आणि स्वतः? धाकट्या भावाच्या गीतांना यथेच्छ कात्री. ‘जीझस, लव्हर ऑफ माय सोल’ हे आज चार्ल्सच्या सर्वांत लाडक्या गीतांपैकी एक, १७४० चं. ते त्या ५२५ मध्ये नाहीच! देवाशी इतकी सलगी जॉनला झेपत नसे. जॉन गेल्यानंतर पुरवणीत आलं.

कौलारू

मधुमालती, जॉनची बाजूही सांगायला हवी. चार्ल्स लिहायचा आणि पुढे जायचा, निवडायचं, लावायचं, छापायचं काम जॉनचं. तर्कटांच्या ‘उरलेल्यांचं काय’ला हेच उत्तर आहे. जॉन नसता तर ती सहा हजार गीतं पेटाऱ्यात राहिली असती, त्यातली बरीच राहिलीही. आणखी एक गुंता म्हणजे सुरुवातीच्या संग्रहांवर दोघांचं नाव असे, पण कुठलं गीत कुणाचं हे लिहिलेलं नसे. आपल्याकडे ‘तुका म्हणे’ आलं की वाद बराचसा मिटतो. इथे अभ्यासक अजून भांडतायत.

लिहिण्याची तऱ्हा मात्र ऐकण्यासारखी आहे. हेन्री मूर या सहकाऱ्याने लिहून ठेवलंय. म्हातारपणी चार्ल्स रोज एका पांढुरक्या म्हाताऱ्या तट्टावर बसून निघायचा, अंगावर उन्हाळ्यातसुद्धा हिवाळ्याचे कपडे. घोड्यावर बसल्या बसल्या सुचलेलं पद्य छोट्या कार्डांवर लघुलिपीत खरडायचा. लंडनमधल्या सिटी रोडच्या जॉनच्या घरी पोचला की तट्टू बागेत सोडून द्यायचा आणि ओरडत आत शिरायचा, ‘लेखणी आणा, शाई आणा!’ ते सगळं कागदावर उतरेपर्यंत घरातल्यांकडे बघायचाही नाही. मग शांतपणे सगळ्यांची विचारपूस.

वाटाड्या

+१, पण या धाग्यावर आत्तापर्यंत सगळं गोडगोड चाललंय म्हणून दोन कडू गोष्टी.

एक, जॉर्जिया. १७३६ मध्ये चार्ल्स तिथे गव्हर्नर ओग्लथॉर्पचा चिटणीस म्हणून गेला. फ्रेडरिका या वस्तीत त्याच्याविरुद्ध कागाळ्या झाल्या, ओग्लथॉर्पची मर्जी उडाली, ताप आला, निजायला धड बिछाना मिळेना. वर्षाच्या आत परत निघाला. परतताना चार्ल्सटनला थांबला आणि तिथल्या मळेवाल्यांकडे गुलामांचे कसे हाल होतात ते रोजनिशीत लिहिलं. गोऱ्यांच्या लहान पोरांना त्यांच्याच वयाचा गुलाम खेळण्यासारखा देतात, की लहानपणापासून छळायची सवय व्हावी, हेही त्यात आहे. हे अशा काळात जेव्हा इंग्लंडात या गोष्टीवर फारसं कुणी बोलतही नव्हतं.

दुसरी, न्यूगेटचा तुरुंग, जुलै १७३८. म्हणजे त्या मे महिन्यातल्या अनुभवानंतर दोनच महिन्यांत. फाशीची शिक्षा झालेल्यांकडे रोज जायचा. त्यात धन्याच्या घरी चोरी केलेला एक आजारी काळा नोकरही होता, त्याच्याशी बोलल्याचं त्याने सविस्तर लिहिलंय. त्या काळी चोरीलाही फाशी होती. शेवटच्या दिवशी कैद्यांना गाडीतून टायबर्नला नेलं, चार्ल्स फाशीच्या जागी त्याच गाडीत चढला आणि दोर गळ्यात असलेल्या माणसांबरोबर गीतं म्हटली. त्यातलं एक त्याच्या वडिलांनी लिहिलेलं होतं. बघ्यांची तोबा गर्दी. नंतर त्याने नोंद केली की आयुष्यातली सर्वांत धन्य घटका तीच.

तर्कटांना विचारायचंय, हे उत्पादन?

तर्कट

नाही, ते उत्पादन नाही. माणसाच्या धैर्याबद्दल मी कुठे शंका घेतली? मी कवितेबद्दल बोलतोय. चार्ल्सच्या गीतांत पंथांची भांडणंसुद्धा खच्चून भरलेली आहेत. देव काही मोजक्यांनाच तारणार, बाकीचे आधीच बाद, असं कॅल्व्हिनपंथी मानत. व्हाइटफील्ड त्यातला. त्याच्याविरुद्ध चार्ल्सने १७४१ मध्ये आख्खे संग्रह काढले, देवाची कृपा सर्वांसाठी आहे असं ठणकावून सांगणारे. ‘सर्व’ हा शब्द इतका वेळा येतो की हिशेब नको. हा प्रचार आहे. चांगला प्रचार असेल, पण प्रचारच.

नगरची_सून

आत्तापर्यंत नुसती वाचत होते. तर्कटभाऊ, ज्याला अक्षरओळख नाही त्याने देवाबद्दल काय शिकायचं ते कुठून? ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडच्या कोळसा खाणीतली माणसं पोथ्या वाचायला बसली नव्हती. पुढे उभा असलेला एक-दोन ओळी म्हणणार, मागचे सगळे त्या गाणार, मग पुढच्या दोन. ‘देव सगळ्यांचा आहे’ हे खाणकामगाराच्या तोंडी बसलं ते असं. तुम्ही त्याला प्रचार म्हणा, मी शिकवण म्हणते. आमच्याकडे कीर्तनाने हेच केलं की नाही?

आमच्या सासरी पिढ्यान्पिढ्या मराठी उपासना. नाताळाच्या आधीच्या रात्री घरोघरी फिरतो तेव्हा पेटी, ढोलकी, टाळ असतात. इंग्रजी गीतांची मराठी रूपं त्याच विलायती चालीत म्हणायची पद्धत जुनी, तीही चालते. पण मंडळी खरी रंगतात ती अभंगाला आणि ओवीला. नगरला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, आणि मग रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. कोकणातल्या करजगावचे चित्पावन, १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९१९ मध्ये गेले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांची शेकडो गीतं आमच्या ‘उपासना संगीत’ मध्ये आहेत. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ मुळे टिळकांचा विक्षिप्तपणा सगळ्या महाराष्ट्राला माहीत, गीतं मात्र आमच्यापुरतीच राहिली. चार्ल्सचं उलटं, गीतं सगळ्यांना माहीत आणि माणूस कुणाला नाही.

(टिळक मेथडिस्ट नव्हते हो, अमेरिकन मराठी मिशनचे. कुणी पकडायच्या आधी सांगून ठेवते.)

बखरकार

ताई, उत्तम प्रतिसाद. अवांतर: मग महाराष्ट्रात मेथडिस्ट आले कसे? मुंबईत एक-दोन जुनी मेथडिस्ट चर्च पाहिली आहेत.

नगरची_सून

अमेरिकेतून. विल्यम टेलर म्हणून एक वादळी प्रवचनकार १८७१ च्या अखेरीस मुंबईत आला. मिशनच्या पगारावर राहायचं नाही, ज्यांच्यात काम करतो त्यांनीच खर्च चालवायचा, असा त्याचा खाक्या. सुरुवात इंग्रजी बोलणाऱ्यांत झाली, मग पुण्याकडे आणि पुढे. मुंबईत आधीपासून फकिरासारखा राहणारा जॉर्ज बोवेन हाही त्यांना मिळाला.

१९७० मध्ये नागपुरात बरेच पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली तेव्हा ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट तिच्यात गेले, अमेरिकन परंपरेचे ऐन वेळी बाहेर राहिले. म्हणून आजही वेगळी मेथडिस्ट मंडळी दिसते. या विषयावर आमच्या घरी जेवताना बोलायला बंदी आहे.

डॉ_खवचट

हाहा, बंदी घालणारा माणूस शहाणा आहे.

मंडळी, जॉनने १७६१ मध्ये गाण्याचे सात नियम छापले होते ते वाचा एकदा. थोडक्यात: सगळ्यांनी गा, थकलात तरी गा. अर्धमेल्यासारखं पुटपुटू नका, दम लावून गा. पण बोंबलू नका, की तुमचाच आवाज वर यावा. ताल सोडून पुढे पळू नका, मागे रेंगाळू नका. आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला हे छापून लावायचा विचार आहे, विशेषतः बोंबलू नका हा भाग. नाव मात्र लावणार नाही, नाहीतर वेगळीच बैठक बोलवावी लागेल.

मधुमालती

दोघा भावांच्या नात्यावर कुणी लिहिलंच नाही अजून! मसाला तर तिथेच आहे.

चार्ल्सने एकेचाळिसाव्या वर्षी, ८ एप्रिल १७४९ ला, वेल्समधल्या गार्थच्या सॅली ग्विनशी लग्न केलं. ती बावीस वर्षांची, खात्यापित्या घरची. मुलीच्या आईने विचारलं, खायला काय घालणार? तेव्हा पुस्तकांच्या विक्रीतून दरसाल शंभर पौंड देण्याची हमी मिळाली, आणि लग्न लावलं जॉननेच. म्हणजे गीतांच्या पैशावर संसार! सॅलीला पुढे देवी आल्या, रूप गेलं, त्याच साथीत पहिला मुलगा दगावला. रूप गेल्याचं चार्ल्सला काही वाटलं नाही, उलट आता वयातलं अंतर दिसत नाही म्हणायचा असं सांगतात. ती गेली १८२२ मध्ये, शहाण्णव वर्षांची होऊन.

आणि त्याच १७४९ च्या शरदात या गृहस्थाने थोरल्या भावाचं लग्न मोडलं. जॉन ग्रेस मरी नावाच्या विधवेशी लग्न करणार होता, ती त्यांच्याच अनाथालयाची व्यवस्था बघायची, आधी मोलकरीण होती. चार्ल्सला वाटलं यात चळवळ बुडेल. घोडा दामटत उत्तरेला गेला आणि तिचं लग्न जॉन बेनेट या दुसऱ्या प्रवचनकाराशी लावून मोकळा झाला. जॉनला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. स्वतः सरदाराघरची मुलगी केलेल्याने भावाला ‘मोलकरीण नको’ म्हणायचं, हे मला अजिबात आवडलेलं नाही.

गल्लीबोळ

मधुमालती, सहमत. इथे संग्रहालयात हे प्रकरण फार सभ्य भाषेत लिहिलंय.

वाटाड्या

त्यांचं शेवटचं मोठं भांडण मात्र तत्त्वाचं होतं, आणि ते मूळ प्रश्नाला धरून आहे. १७८४ मध्ये जॉनने अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी स्वतःच दीक्षा देऊन पाळक नेमले, थॉमस कोकला तर अधीक्षक करून पाठवला. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमाने बिशपशिवाय हा अधिकार कुणालाच नाही. चार्ल्स हादरला. त्याने भावावर झोंबणारी चौकडी लिहिली. बिशप करणं इतकं सोपं झालंय का, वेस्लीने कोकच्या डोक्यावर हात ठेवला, पण वेस्लीच्या डोक्यावर कुणी ठेवला होता, असा तिचा रोख.

चार्ल्स २९ मार्च १७८८ ला गेला. जॉनने आपल्या सिटी रोडच्या आवारात जागा ठेवली होती, पण ती जमीन चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने पवित्र केलेली नव्हती, म्हणून चार्ल्सने मॅरिलबोनच्या आपल्या चर्चच्या आवारातच पुरायला सांगितलं. त्याची शवपेटी चर्च ऑफ इंग्लंडच्याच आठ पाळकांच्या सोबतीने गेली. तेव्हा कौलारू, चळवळीने याला दुय्यम ठेवलं त्याचं एक कारण हे. पुढे मेथडिस्ट वेगळा पंथ झाले. वेगळं होण्याला मरेपर्यंत विरोध करणारा माणूस संस्थापक म्हणून मिरवायचा कसा?

कौलारू

वाटाड्या, हे उत्तर मला पटलं. म्हणजे पुसलं गेलं ते माणसाचं राजकारण, गीतं नाहीत.

सुरपेटी

तर्कट, कवितेच्या दर्जाबद्दल एक राहिलं. ‘रेसलिंग जेकब’ वाचा, १७४२ चं. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजतो, त्यावरची लांब कविता. इंग्रजी गीतकारांचा बाप मानलेल्या आयझॅक वॉट्सने म्हटलं होतं की माझ्या सगळ्या पद्यांएवढी या एका कवितेची किंमत आहे. चार्ल्स गेल्यावर दोन आठवड्यांनी बोल्टनला जॉन हे गीत लोकांना सांगत होता. सोबती पुढे निघून गेले, मी तुझ्यापाशी एकटा उरलो, अशा अर्थाच्या ओळींना आला आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा तो म्हातारा तिथेच बसला, तोंड हातांत लपवून रडला.

तर्कट

वाचलं. सगळं वाचलं, लांब आहे. चांगलं आहे. त्यात ‘सर्व’ फारसं नाही, झुंज आहे, म्हणून चांगलं आहे. त्यामुळे माझं मत कायम: शंभर उत्तम, बाकी भरताड. पण शंभर उत्तम म्हणजे कमी नाही, एवढं मान्य.

मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: चळवळ जॉनशिवाय उभी राहिली नसती, कारण गाण्यांनी वर्गणी गोळा होत नाही, बैठका होत नाहीत. पण आमच्यासारख्या बाहेरच्या माणसापर्यंत ती पोचली नसती चार्ल्सशिवाय.

मधुमालती

तर्कटांनी काहीतरी मान्य केलं! वाचनखूण साठवली.

सुरपेटी, तो सॅम्युएल पुढे कॅथलिक झाला ना? बापाला काय झालं असेल! यावर वेगळा धागा काढा.

सुरपेटी

झाला, १७८४ मध्येच. पोपसाठी खास मास (कॅथलिक उपासनेची संगीतरचना) रचून पाठवला. म्हणजे त्या एका वर्षात भाऊ एका टोकाला आणि मुलगा दुसऱ्या टोकाला. चार्ल्सने मुलावर कविता लिहिल्या, दुसरं काय करणार. पुढे सॅम्युएलचा मुलगा सॅम्युएल सेबास्टियन, हाही इंग्लिश चर्चसंगीतातला मोठा माणूस. नावातला सेबास्टियन बाखवरून.

धागा काढतो, पण गणपतीनंतर. सध्या डॉ_खवचटांच्या सोसायटीत पेटी मीच वाजवणार आहे.

डॉ_खवचट

ताल सोडून पुढे पळू नका म्हणजे झालं.